बंद इंजिनाचं ट्युनिंग

आपल्याकडच्या गॅरेजमध्ये 'स्लो' नावाचा एक शब्द आहे. पुस्तकात ज्याला आयडलिंग म्हणतात तोच. पण मेकॅनिक सहसा आयडलिंग म्हणत नाही. तो म्हणतो, "स्लो वाढवून देऊ?" किंवा "स्लोला मिसिंग मारतंय" किंवा (हे ऐकलं की खिशाला हात जातो) "गाडी स्लोवर थांबत नाही." म्हणजे पाय अॅक्सिलरेटरवर नाही, गिअर न्यूट्रलमध्ये, गाडी जागच्या जागी उभी, आणि इंजिन मात्र चालू. आपण सिग्नलला उभे असतो तेव्हाचं इंजिन.

मला फार वर्षं असं वाटायचं की ही इंजिनाच्या आयुष्यातली सगळ्यात सोपी वेळ असणार. ओझं नाही, चढ नाही, घाई नाही. बसून राहायचं. मग वाचत गेलो तसं लक्षात आलं की प्रकरण बरोबर उलटं आहे. पेट्रोल इंजिनाला सव्वाशे वर्षांत घाट चढायला शिकवणं जितकं अवघड गेलं, त्याहून अवघड गेलं ते त्याला काही न करता शांत उभं राहायला शिकवणं. आणि त्यातला कळीचा प्रश्न एकच होता. ड्रायव्हरने पाय काढलाय, हे इंजिनाला कोणी सांगायचं? त्या प्रश्नाची ही गोष्ट. नातेवाईक मंडळींना यात थोडी आमच्या घरच्या पद्मिनीची आठवणही सापडेल.

सुरुवात वाफेपासून करायला हवी, कारण वाफेच्या इंजिनाला स्लो नव्हताच. गाडी स्टेशनात उभी राहिली की पिस्टनही उभा. बॉयलरमध्ये दाब तयार असतो, व्हॉल्व्ह उघडला की पिस्टन शून्यापासून ढकलला जातो. पेट्रोल इंजिनाचं तसं नाही. त्याला पुढचा स्फोट करायचा तर आधी हवा आणि पेट्रोल आत ओढून दाबायला लागतं, आणि ते करायला ते आधीच फिरत असायला लागतं. थांबलेलं पेट्रोल इंजिन स्वतःहून कधीच सुरू होत नाही. कोणीतरी बाहेरून फिरवावं लागतं. जुन्या ट्रकना पुढून हँडल मारताना ज्यांनी पाहिलंय त्यांना हे समजावून सांगायला नको. कॅडिलॅकने १९१२ च्या मॉडेलमध्ये चार्ल्स केटरिंगचा विजेचा स्टार्टर बसवला, तोपर्यंत सगळं जग हँडलच मारत होतं. साहजिकच एकदा सुरू झालेलं इंजिन बंद करायचं कोणाच्या जिवावर येणार नाही? तेव्हा कामाचं नसलं तरी चालू ठेवायचं. स्लोचा जन्म हा असा गरजेतून, किंवा खरं सांगायचं तर हँडल मारायच्या कंटाळ्यातून झाला.

सुरुवातीला तो सांभाळायचं काम ड्रायव्हरच्या हाताकडे होतं. १९०८ साली आलेल्या फोर्डच्या मॉडेल टीमध्ये अॅक्सिलरेटरचं पेडलच नव्हतं. स्टिअरिंगखाली दोन बाजूंना दोन दांड्या. डावीकडची ठिणगीची वेळ पुढेमागे करायला आणि उजवीकडची थ्रॉटलसाठी. गाडी उभी केली की ड्रायव्हर कानाने अंदाज घेत दोन्ही दांड्या हलवायचा. इंजिनाला कोणी काही सांगायची गरज नव्हती, सांगणारा हात तिथेच होता.

आता थोडं कार्ब्युरेटरबद्दल. ते समजलं नाही तर पुढचं सगळं अधांतरी राहील. विल्हेल्म मायबाखने १८९३ च्या सुमारास जो फवारा उडवणारा कार्ब्युरेटर केला (त्याच सुमारास हंगेरीत बांकी आणि चोंका या जोडीनेही केला), त्यातली युक्ती सोपी आहे. हवेची नळी मध्ये निमुळती करायची. निमुळत्या जागेतून हवा वेगाने जाते, वेगाने गेली की तिथला दाब कमी होतो, आणि त्या ओढीने बारीक भोकातून पेट्रोल फवाऱ्यासारखं वर येतं. हवा जास्त, पेट्रोल जास्त. हवा कमी, पेट्रोल कमी. विजेशिवाय, कुठल्याही डोक्याशिवाय, आपोआप. फार सुंदर कल्पना आहे.

फक्त ती स्लोला चालत नाही! पाय काढला की थ्रॉटलची चकती जवळजवळ बंद होते. निमुळत्या जागेतून हवा इतकी सावकाश जाते की पेट्रोल ओढलंच जात नाही. इंजिन उपाशी. मग कार्ब्युरेटरवाल्यांनी आणखी एक छोटा कार्ब्युरेटर मोठ्याच्या पोटात बसवला. एक वेगळी बारीक वाट, तिचं तोंड चकतीच्या खालच्या अंगाला, जिथे बंद थ्रॉटलमुळे इंजिनाची ओढ सगळ्यात जास्त असते. त्या वाटेवर एक स्क्रू, मिश्रण किती सोडायचं ते ठरवणारा. आणि दुसरा एक स्क्रू चकती पूर्ण मिटू नये म्हणून तिच्या दांडीला टेकलेला. पॅरिसच्या गुदार आणि मेनेसाँ यांनी १९१० च्या सुमारास सुरू केलेल्या सोलेक्सपासून पुढच्या सगळ्या कार्ब्युरेटरांवर हे दोन स्क्रू कुठे ना कुठे आहेतच. आपल्या प्रीमियर पद्मिनीच्या सोलेक्सवरही होते.

म्हणजे ड्रायव्हरच्या हातातून काम गेलं ते या दोन स्क्रूंकडे. आणि स्क्रू म्हटले की मेकॅनिक आला.

या दोन स्क्रूंवर एक अख्खी विद्या उभी राहिली आणि तिचं मुख्य हत्यार कान हेच होतं. मिश्रणाचा स्क्रू हळूहळू फिरवायचा, इंजिनाचा आवाज चढत जातो, एका जागी सगळ्यात गोड लागतो, पुढे गेलं की परत धडधडतो. त्या गोड जागी थांबायचं. मग दुसऱ्या स्क्रूने वेग खाली आणायचा. परत पहिला. परत दुसरा. इंग्लंडमध्ये दोन-दोन कार्ब्युरेटरांच्या गाड्या असत, तिथे मेकॅनिक रबरी नळीचं एक टोक कानाला आणि दुसरं कार्ब्युरेटरच्या तोंडाशी धरून दोन्हींचा सुस्कारा सारखा येतोय का ऐकत. आमच्याकडे लांब स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाच्या हाडाला टेकवून इंजिनाचं पोट ऐकणारे मिस्त्री मी पाहिलेत. बाबांच्या पद्मिनीचं ट्युनिंग ज्यांच्याकडे व्हायचं ते त्यातलेच. थंडीत चोक ओढून सुरू केलेली गाडी त्यांच्या दारात जाईपर्यंत गरम व्हायची, आणि ते बॉनेट उघडायच्या आधीच दोन घरं लांबून सांगायचे की हिचा स्लो कुणीतरी छेडलाय.

हे सगळं मोडलं ते लॉस एंजेलिसच्या हवेने.

त्या शहरावर १९४० च्या दशकात डोळे झोंबवणारं धुरकं साठायला लागलं. कारखाने बंद करून पाहिले, तरी जाईना. कॅल्टेकमध्ये हागेन-स्मिट नावाचे मूळचे डच रसायनतज्ज्ञ होते. त्यांचा आधीचा विषय अननसाचा स्वाद कशाकशाने बनतो हा! त्यांनी १९५० नंतरच्या दोन-तीन वर्षांत दाखवून दिलं की हे धुरकं गाड्यांच्या धुरातलं न जळलेलं पेट्रोल आणि नायट्रोजनची संयुगं यांच्यावर ऊन पडून तयार होतं. आणि न जळलेलं पेट्रोल सगळ्यात जास्त कधी निघतं? गाडी सिग्नलला उभी असते तेव्हा, आणि पाय काढून उतारावर किंवा सिग्नलकडे घरंगळते तेव्हा. कारण थ्रॉटल बंद असताना सिलिंडरमध्ये ताजं मिश्रण थोडं आणि आधीच्या स्फोटाचा उरलेला धूर बराच असतो. अशा मिसळीला ठिणगी लागत नाही, म्हणून मिश्रण मुद्दाम पेट्रोलने जाड ठेवावं लागतं, आणि तरी त्यातलं काही न जळताच बाहेर पडतं. जो 'गोड आवाज' मेकॅनिक शोधत होता, तो बऱ्याचदा जाड मिश्रणाचाच आवाज होता. हे वाचलं तेव्हा मला जरा वाईटच वाटलं.

कॅलिफोर्नियाने १९६६ च्या गाड्यांपासून धुरावर मर्यादा घातली, सगळ्या अमेरिकेने १९६८ च्या गाड्यांपासून. त्याबरोबर अमेरिकन कार्ब्युरेटरांच्या त्या स्क्रूवर प्लॅस्टिकच्या टोप्या आल्या. स्क्रू थोडासाच फिरणार, त्यापुढे टोपी अडवणार. पुढे १९८० च्या सुमारास तर तो स्क्रू धातूचं बूच ठोकून बंदच केला गेला. कायद्याने मेकॅनिकच्या हातातून स्क्रू काढून घेतला, हे मी अलंकारिक बोलत नाहीये.

आणि त्याच कायद्यापायी, १९६७ च्या सप्टेंबरात फोक्सवॅगनने फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात १६०० मॉडेलची एक गाडी ठेवली, जिच्यात कार्ब्युरेटर नव्हता. बॉशची डी-जेट्रॉनिक पद्धत. 'डी' म्हणजे ड्रुक, जर्मनमध्ये दाब. इंजिनाच्या आत किती दाब आहे ते मोजायचं आणि त्यावरून विजेच्या व्हॉल्व्हनी किती वेळ पेट्रोल उडवायचं ते ठरवायचं. ही कल्पना मुळात अमेरिकेतल्या बेंडिक्स कंपनीची. तिची पद्धत १९५८ च्या काही क्रायस्लर गाड्यांवर बसलीही होती, पण तेव्हाचे इलेक्ट्रॉनिक भाग इंजिनाजवळच्या उष्णतेत तग धरेनात. बहुतेक गाड्यांना परत कार्ब्युरेटर लावून द्यावे लागले. बॉशने बेंडिक्सच्या पेटंटांचे हक्क घेतले आणि तोवर ट्रान्झिस्टर पक्के झाले होते, म्हणून ते जमलं.

या गाडीत पहिल्यांदाच मोठ्या संख्येने विकल्या गेलेल्या इंजिनापुढे तो प्रश्न आला: पाय काढलाय हे कसं कळणार? कार्ब्युरेटरला कळायची गरज नव्हती, चकती बंद झाली की हवा आपोआप त्या बारीक वाटेने पेट्रोल ओढायची. पण आता मध्ये एक डबा बसला होता, आणि डब्याला चकती दिसत नाही. म्हणून चकतीच्या दांडीच्या टोकाला एक छोटा स्विच बसवला. चकती मिटली की आतला संपर्क जुळतो आणि डब्याला कळतं, पाय काढलाय. मग गाडी घरंगळत असेल तर पेट्रोल पूर्ण बंद. धुराचा कायदा पाळायचा हा सगळ्यात सरळ मार्ग. पुढच्या सुधारित स्विचमध्ये कंगव्यासारखे दातेही होते. पाय दाबायला लागलं की संपर्क त्या दात्यांवरून सरकतो आणि प्रत्येक दात्याला पेट्रोलचा एक जास्तीचा फवारा. आपण आज ज्याला थ्रॉटल पोझिशन सेन्सर म्हणतो त्याचा हा आजोबा.

हा स्विच दोन स्क्रूंनी बसवलेला असे आणि त्याच्या कानांची भोकं गोल नव्हती, लांबट होती. स्क्रू सैल करून अख्खा स्विच एखाद-दोन अंश फिरवता यायचा. म्हणजे बघा, स्क्रू दोनच राहिले, पण ते आता हवा किंवा पेट्रोल सोडत नव्हते. ते फक्त एका माहितीचा खरेपणा ठरवत होते.

आणि ती माहिती खोटी निघाली की काय व्हायचं? समजा चकतीखालून कुठून तरी जास्तीची हवा शिरतेय, किंवा कुणी स्लो वाढवून ठेवलाय. डब्याला दिसतं की पाय काढलेला आहे, तरी इंजिन जोरात फिरतंय, म्हणजे गाडी घरंगळत असणार. पेट्रोल बंद. इंजिन पडायला लागतं, वेग अमुक आकड्याखाली आला की डबा म्हणतो, अरे मरेल, द्या पेट्रोल. वेग चढतो. परत बंद. भूंऽऽ... भूंऽऽ... भूंऽऽ... सिग्नलला उभी असलेली गाडी कोणीतरी पेडल दाबत असल्यासारखी श्वास घेत राहते. अगदी तस्सा आवाज पुढे कितीतरी कंपन्यांच्या गाड्यांत ऐकू आला आहे.

स्विचचं पुढे पोटेन्शिओमीटर झालं. कारण 'पाय काढलाय' आणि 'पूर्ण दाबलाय' एवढ्याच दोन गोष्टी कळून भागेना, मधलं सगळंही हवं होतं. १९८० च्या दशकात गाड्यांत मायक्रोप्रोसेसर आले तसे हे सेन्सर पसरले. आत काय असतं? जुन्या रेडिओच्या आवाजाच्या बटणात जे असतं तेच. कार्बनचा एक पट्टा आणि त्यावरून सरकणारी पितळी जीभ. तीन वायरी. एकीतून पाच व्होल्ट येतात, एक जमिनीची, आणि तिसरी जिभेची. पाय काढलेला असताना जिभेवर साधारण अर्धा व्होल्ट, पूर्ण दाबल्यावर साडेचारच्या आसपास. शून्य का नाही? कारण शून्य म्हणजे वायर तुटलेली असू शकते. अर्धा म्हणजे 'मी आहे, आणि पाय नाही'. वरच्या टोकालाही अर्धा व्होल्ट राखून ठेवलेला असतो तो त्याचसाठी. (मला या अर्ध्या व्होल्टचं फार कौतुक वाटतं. शाळेत हजेरीला मुलाने 'हजर' म्हणायचं असतं, गप्प बसून चालत नाही, तसं.)

आणि जुन्या रेडिओचं बटण फिरवताना खरखर यायची ना? एकाच जागी पट्टा झिजला की यायची. सेन्सरलाही तोच रोग होतो. गाडी सगळ्यात जास्त वेळ जिथे असते, म्हणजे स्लोला आणि रोजच्या वेगाला, तिथे पट्टा झिजतो. मग फिरवून उपयोग नाही, बदलायचाच.

आपल्याकडे हे सगळं पोचलं ते पुन्हा कायद्याच्याच बोटाला धरून. १९८९ च्या मोटार वाहन नियमांत पेट्रोलच्या चारचाकीला स्लोवर असताना धुरात कार्बन मोनॉक्साईड ३ टक्क्यांपेक्षा जास्त नको, दुचाकी-तीनचाकीला साडेचार, असं ठरलं. स्लोवर असताना, हे लक्षात घ्या. पीयूसीवाला नळी सायलेन्सरमध्ये घालतो तेव्हा गाडी कुठेच जात नसते. सरकारने गाडीची नाडी तपासायला नेमकी तीच वेळ निवडली होती, ज्या वेळी तिला कसं वागायचं ते सगळ्यात कमी कळतं. त्यामुळे पीयूसीच्या टपरीशेजारी स्क्रूड्रायव्हर घेऊन बसलेला एक माणूस असायचा. तो मिश्रणाचा स्क्रू अर्धा वेढा आवळायचा, आकडा खाली यायचा, पावती फाटायची, आणि पुढच्या चौकात गाडी बंद पडायला लागली की मालक स्वतःच तो स्क्रू परत सैल करायचा. हे कितीदा पाहिलंय!

१९९८ साली सँट्रो आणि मॅटिझ आल्या त्या पेट्रोल इंजेक्शन घेऊनच. मग २९ एप्रिल १९९९ ला सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरासाठी युरो-१ आणि वर्षभरात युरो-२ चा आदेश दिला, आणि कार्ब्युरेटरचे दिवस भरले. मारुती ८०० लाही २००० साली इंजेक्शन मिळालं. २००४ च्या ऑक्टोबरपासून नव्या गाड्यांसाठी पीयूसीचा आकडा ३ वरून अर्ध्या टक्क्यावर आला. अर्धा टक्का कानाने लावता येत नाही. तिथे विद्या संपते आणि सेन्सर सुरू होतो.

आता घरचा एक प्रसंग. आमच्याकडे एक जुनी इंजेक्शनची गाडी होती, सेकंडहँड घेतलेली (कंपनी कुठली ते महत्त्वाचं नाही). तिला तो श्वासाचा रोग लागला. सिग्नलला भूंऽऽ भूंऽऽ. मधूनच एसी लावला की बंद. ज्यांनी बाबांच्या पद्मिनीचं ट्युनिंग वर्षानुवर्षं केलं त्याच मिस्त्रीकाकांकडे नेली. तोवर गॅरेज बरंचसं त्यांचा भाचा बघत होता.

काकांनी बॉनेट उघडलं, कान दिला आणि सवयीने हात चकतीच्या दांडीला टेकलेल्या स्क्रूकडे गेला. भाचा म्हणाला, "मामा, त्याला हात लावू नका. कोणीतरी आधीच लावलाय." खरंच लावला होता. स्क्रूवरचा कंपनीचा रंग तुटलेला. आधी कोणीतरी थ्रॉटलमध्ये साठलेली काजळी न पुसता, स्लो पडतोय म्हणून, कार्ब्युरेटरच्या सवयीने स्क्रू आत फिरवून चकती जरा उघडून ठेवली होती. इंजिन तेवढ्यापुरतं थांबलं असेल. पण चकतीबरोबर सेन्सरची जीभही सरकली. कॉम्प्युटरला वाटायला लागलं की पाय पेडलवर आहे. पाय आहे म्हटल्यावर तो स्लो सांभाळायच्या कामाला लागतच नाही. स्लोसाठी हवा कमीजास्त करणारा एक वेगळा व्हॉल्व्ह असतो, तो नुसताच बसून राहतो. आणि गरम झाल्यावर आकडा सीमेवर आला की कधी पाय आहे वाटतं, कधी नाही.

भाच्याने आधी थ्रॉटल काढून काजळी धुतली. कापडाला काळंकुट्ट डांबर आलं. मग तो स्क्रू मागे घेऊन पुस्तकात दिलेल्या जागी आणला. मग मल्टिमीटरची एक सुई जमिनीला आणि एक मधल्या वायरीला टोचली. किल्ली ऑन केली, पण गाडी सुरू केली नाही.

"चालू कर की," काका म्हणाले.

"चालू नाही करायची, मामा. नुसती किल्ली."

"बंद इंजिनाचं ट्युनिंग?"

त्यांच्या चेहऱ्यावर चेष्टा नव्हती, खरोखरचं आश्चर्य होतं. आयुष्यभर ज्या माणसाने इंजिन ऐकून इंजिन लावलं, त्याच्यासमोर एक मुलगा मुक्या इंजिनावर वाकून आकडा वाचत होता. शून्य पॉइंट सात-आठ. सेन्सरचे दोन स्क्रू सैल केले, केसाएवढा फिरवला. शून्य पॉइंट सहा. अजून जरा. शून्य पॉइंट पाच. स्क्रू आवळताना तो परत सरकला (आवळताना नेहमी सरकतो, म्हणून आवळल्यावर पुन्हा मोजायचं), परत सैल, परत फिरवला. पेडल हाताने पूर्ण दाबून वरचा आकडा पाहिला, तोही मधे कुठे न अडखळता साडेचारच्या जवळ गेला. म्हणजे पट्टा झिजलेला नव्हता. बॅटरीची वायर पंधरा मिनिटं काढून ठेवली, जुनं शिकलेलं कॉम्प्युटरने विसरावं म्हणून. तोवर चहा.

मग किल्ली फिरवली. इंजिन आधी थोडं चढलं, मग उतरलं, आणि बसलं. काका काही बोलले नाहीत. पुढे होऊन त्यांनी हाताचा तळवा इंजिनाच्या वरच्या झाकणावर ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवून उभे राहिले. मग भाच्याला म्हणाले, "तिसऱ्या सिलिंडरचा प्लग बघ एकदा." प्लग काढला तर त्याचा टोकाजवळचा चिनीमातीचा भाग तडकलेला होता. ते मल्टिमीटरला कळलं नसतं.

तेव्हा कान वाया गेला असं मी म्हणणार नाही. पण त्या दुरुस्तीचा क्रम उलटा केला असता, म्हणजे काजळी न धुता आणि स्क्रू जागेवर न आणता नुसता सेन्सर फिरवून अर्धा व्होल्ट दाखवला असता, तर गाडी महिनाभराने परत तिथेच आली असती. ते काम कानाने होणारं नव्हतं आणि आकड्यानेही नव्हतं, त्याला स्क्रूवरचा तुटलेला रंग डोळ्यांना दिसावा लागला. इंटरनेटवर 'सेन्सर फिरवा, स्लो सुधारेल' म्हणून सांगणारे फार आहेत, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

हे लांबट भोकांचे सेन्सर आता जवळपास संपले. बॉशनेच १९८० च्या दशकाच्या अखेरीस एकाच ठिकाणी फवारा सोडणारी स्वस्तातली मोनो-जेट्रॉनिक आणली, तिच्यात चकतीचा कोन हेच इंजिनावरचं ओझं मोजायचं मुख्य साधन होतं, आणि म्हणून तो सेन्सर कारखान्यातच लावून दिलेला, बाहेर कोणी हलवायचाच नाही. दुसरीकडे १९८७ च्या बीएमडब्ल्यू ७५० मध्ये पेडल आणि चकती यांच्यामधली तारच काढून टाकली. पेडल फक्त एक इच्छा कळवणार, चकती मोटर फिरवणार. आज तेच सर्रास आहे. आता एकाच्या जागी दोन सेन्सर असतात, एकमेकांना ताडून बघायला, आणि ते बहुतेक चुंबकीय असतात, म्हणजे झिजायला पट्टाही नाही. पाय काढल्यावर चकती कुठे बसते ते कॉम्प्युटर स्वतःच शिकतो. मेकॅनिक किल्ली ऑन करतो, पेडलला हात न लावता काही सेकंद थांबतो, झालं. दुचाकींत हे २००६ च्या हिरो होंडा ग्लॅमरपासून आलं, आणि १ एप्रिल २०२० ला बीएस-६ लागू झाल्यावर जवळजवळ सगळ्या दुचाकींत. कोपऱ्यावरच्या स्कूटर मेकॅनिकच्या हातात आता स्क्रूड्रायव्हरबरोबर स्कॅनरही असतो.

आणि गंमत म्हणजे खुद्द स्लोच निघाला आहे. हल्लीच्या कितीतरी गाड्या सिग्नलला उभ्या राहिल्या की इंजिन आपोआप बंद करतात आणि क्लच दाबला की स्वतःच सुरू करतात. मागच्या महिन्यात भावाच्या नव्या गाडीत बसून मिस्त्रीकाकांकडे सहज गेलो होतो. चौकात सिग्नल लागला, इंजिन गप्प झालं. काका पुढच्या सीटवर बसले होते. त्यांनी काच खाली केली, मान बाहेर काढून जरा वेळ ऐकलं, आणि भावाला म्हणाले, "बंद पडली रे."

"नाही काका, ती तशीच आहे," भाऊ म्हणाला. सिग्नल हिरवा झाला.